हिरव्या गाडीचं काळं बॉनेट

वेंडेल पावलिकची गाडी हिरवी होती आणि तिचं बॉनेट काळं होतं. हौसेने रंगवलेलं काळं नव्हे. भंगारवाल्याकडून आणलेलं, दुसऱ्याच गाडीचं, वर प्रायमरचा एक हात मारून तसंच बसवलेलं. गाडी होती एकोणसत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची, मागून रुंद आणि पुढून रागावलेली. टोलेडोच्या बाहेर आइसक्रीमच्या दुकानासमोर शनिवारी संध्याकाळी जुन्या गाड्या जमायच्या, तिथे एखादा नवखा हटकून विचारायचा, "एवढी सुंदर गाडी, आणि बॉनेट असं का हो?"

"पुढच्या उन्हाळ्यात रंग मारायचाय," वेंडेल म्हणायचा.

हे तो तीस वर्षं म्हणत होता. जुनी मंडळी विचारायची नाहीत, कारण त्यांना ठाऊक होतं की खरं बॉनेट नदीपलीकडे, त्याच्या थोरल्या भावाच्या, ऑगीच्या गॅरेजात घोंगडीत गुंडाळून ठेवलंय, आणि दोघा भावांत बोलणं नाही.

वेंडेल मोटारीच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होता. पत्रा आत घालायचा, प्रेस खाली यायचा, दार बाहेर पडायचं. अशी किती दारं त्याने काढली याचा हिशेब त्याने ठेवला नाही, त्याच्या कानांनी ठेवला. निवृत्त झाला तेव्हा दोन्ही कानांत यंत्रं होती, आणि गॅरेजात शिरताना तो ती काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. बायको लोरेटा म्हणायची, "गाडी दुरुस्त करायला जातोस की माझ्यापासून सुटायला?" तो उत्तर द्यायचा नाही. ऐकू आलं नाही म्हणून की सोयीचं नव्हतं म्हणून, हे तिलाही कधी कळलं नाही.

गॅरेज घराला चिकटूनच होतं. तिथे गाडी कधी पूर्ण व्हायचीच नाही. वेंडेलला कंपनीने दिलेल्या वस्तूंबद्दल काडीचा आदर नव्हता. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले. चार गिअरचा डबा काढून पाच गिअरचा घातला, त्यासाठी खालचा पत्रा कापला. अपघातात गेलेल्या कुठल्याशा नव्या गाडीच्या सीटा आणल्या, कारण जुन्या सीटांवर त्याची कंबर धरायची. डॅशबोर्डवर तर इतके काटे लावले होते की बसणाऱ्याला घड्याळाच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, इंजिनाचा वेग, सगळ्याला वेगळा काटा. लोकांना तो शौक वाटायचा. खरी गोष्ट साधी होती. त्याला इंजिन ऐकू यायचं नाही, म्हणून तो ते डोळ्यांनी बघायचा.

शेजारी हर्शेल ग्रिग्ज राहायचा. त्याच्याकडेही त्याच काळातली गाडी होती, पण हर्शेल दुसऱ्या पंथाचा. त्याच्या गाडीचा इंजिनावरचा नंबर चेसिसवरच्या नंबराशी जुळत होता, स्क्रूसुद्धा कारखान्यातले होते, आणि तो ती बाळाच्या लंगोटाच्या कापडाने पुसायचा. वेंडेल त्याच्या दृष्टीने खाटीक होता. कुंपणावरून दोघांचं रोज चालायचं.

"आज काय कापलंस?"

"तुझी गाडी दिसली नाही, म्हणून माझीच कापली."

"अरे, अजून तीस वर्षांनी या गाडीला कोण विचारेल?"

"तीस वर्षांनी मला तरी कोण विचारणारेय?"

दोघे एकमेकांच्या गाडीला नावं ठेवत म्हातारे झाले आणि एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे ठेवत होते.

आता ऑगीचं सांगायला हवं. ऑगी वेंडेलहून तीन वर्षांनी मोठा, त्याच कारखान्याच्या ओतशाळेत कामाला. वेंडेलचे हात चांगले, तर ऑगीचा कान. तो नुसतं ऐकून कुठला सिलिंडर दांडी मारतोय ते सांगायचा. लोक त्याला फोन करायचे आणि रिसीव्हर इंजिनापुढे धरायचे. तो पलीकडून म्हणायचा, "तिसऱ्याचा प्लग बदल, आणि फोन बाजूला घे, माझा कान फुटेल." शेव्हेल दोघांनी मिळून घेतली होती, लग्नं व्हायच्या आधी. तिच्या बॉनेटवर हवा आत ओढणारा जो उंचवटा होता, तो ऑगीने स्वतः पत्रा ठोकून, वाकवून, वेल्डिंग करून बनवला होता. बाजारात तयार मिळत होता, पण ऑगीला तो चपटा वाटला.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात कारखान्याने एक पाळी बंद केली आणि दोघेही घरी बसले. आईच्या गॅरेजात त्यांनी इंजिन उघडलं आणि नवा कॅम घातला. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरतो, उंचवटे टॅपेटना ढकलतात, टॅपेट व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे जितके चढे, तितकी गाडी तापट. पण त्या जुन्या पद्धतीच्या कॅमचं एक व्रत असतं. नवा घातला की इंजिन सुरू होताक्षणी रेस वाढवायची आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायची नाही. त्या वीस मिनिटांत उंचवटा आणि टॅपेट एकमेकांना घासून बसतात. स्लोवर चालू दिलं किंवा मध्येच बंद केलं, तर बसत नाहीत, एकमेकांना खातात. मग लोखंडाचा भुगा तेलात, आणि सगळा हिवाळा पाण्यात. निदान या लोकांत तरी असं मानतात, आणि त्यावर वाद घालायची सोय नाही.

त्या दिवशी ऑगी सीटवर होता, पाय रेसवर. वेंडेल पुढे टॉर्च घेऊन, कुठे तेल गळतंय का बघत. आई दारात हात कानांवर ठेवून उभी. निम्मा वेळ झाला असेल नसेल, ऑगीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बंद का केलीस?" वेंडेल ओरडला.

"आवाज बदलला."

"कसला आवाज? मी इंजिनावर वाकलोय! मला नाही आला!"

"तुला काय येतंय? टॅपेट वाजायला लागलं होतं. तसंच चालवलं असतं तर इंजिन गेलं असतं."

उघडून पाहिलं तर दोन उंचवटे घासून सपाट झाले होते. वेंडेल म्हणाला, तू बंद केलीस म्हणून गेले. ऑगी म्हणाला, जायला लागले होते म्हणून मी बंद केली. यात खरं कुणाचं, हे त्या कॅमला माहीत, आणि तो भंगारात गेला. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दोघे रिकामे होते, चिडलेले होते, आणि वेंडेलची जीभ त्याच्या हातांइतकीच तयार होती.

"तुझ्या हातात किल्ली दिली हीच माझी चूक," तो म्हणाला. "साधं बसून राहायचं काम, तेही जमलं नाही तुला."

"मग माझा वाटा दे."

"घे! काय हवं ते घे!"

दुसऱ्या दिवशी ऑगी पिकअप घेऊन आला, चार बोल्ट काढले, स्वतः बनवलेलं बॉनेट उचललं आणि गेला. वेंडेल आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिला. दार उघडून दोन शब्द बोलला असता तर तीस वर्षं वाचली असती, पण तो हलला नाही. भांडण कुणीही करतं. ते इतकी वर्षं वाळू न देता टिकवायला चिकाटी लागते, आणि पावलिक मंडळींकडे ती पोत्याने होती. लग्नाकार्यात दोघे हॉलच्या दोन टोकांना बसायचे. आई गेली तेव्हा खांदा दोघांनी दिला, एकाने पुढून, एकाने मागून, आणि थडग्यापाशी पेटी ठेवून दोघे आपापल्या गाडीत बसले.

बायकांनी मात्र हा मूर्खपणा जुमानला नाही. लोरेटा दर नाताळला अक्रोडाचे रोल करायची, आणि घरात दोन माणसं असताना सहा रोल व्हायचे. त्यातले दोन ऑगीची बायको डोलोरेस चर्चच्या मागच्या दाराने घेऊन जायची. वेंडेल अक्रोड फोडून द्यायचा. एवढे कशाला, असं त्याने कधी विचारलं नाही.

भांडणाला तीस वर्षं झाली त्या वर्षी उपवासकाळातल्या एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण होतं. वेंडेलच्या ताटात दुसरा तुकडा वाढताना लोरेटा म्हणाली, "डोलोरेस भेटली. ऑगीच्या नाकात नळी लागलीय. ऑक्सिजनची बाटली घेऊन फिरतो म्हणे. ओतशाळेतली धूळ."

"हं," वेंडेल म्हणाला.

"एवढंच?"

"लिंबू दे."

लोरेटाला त्या क्षणी त्याच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं. तिने लिंबू दिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन गॅरेजात गेली, तर वेंडेलने चेन-पुली लावून चांगलं चालतं इंजिन गाडीतून बाहेर काढलं होतं आणि काळं बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"काय झालं त्याला?"

"काही नाही."

"मग काढलं कशाला?"

"कॅम बदलतोय."

आठवड्याने कॅमचं खोकं आलं. हर्शेल कुंपण ओलांडून आला, खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अरे, हा जुन्या पद्धतीचा आहे."

"माहितेय."

"आता रोलरवाले मिळतात. घातला, किल्ली मारली, संपलं. ना वीस मिनिटांचं व्रत, ना धाकधूक. ताकदही जास्त. तू तर नव्यातलं नवं घालणारा माणूस. मी असतो तर गोष्ट वेगळी, मी जुन्याला धरून बसणारा."

"मला हाच हवा होता."

"का?"

वेंडेलने कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नाही अशी खूण केली. यंत्रं कानातच होती. हर्शेलने खोक्यावरचे आकडे पुन्हा पाहिले, आणि मग त्याला आठवलं की एक्याऐंशी साली पावलिक भावांनी घातलेला कॅम हाच, याच मापाचा. जाता जाता एवढंच म्हणाला, "तेलात जस्ताची बाटली घाल. हल्लीच्या तेलात जस्त नसतं, तुझे उंचवटे पुन्हा खाऊन टाकील." खाटकाच्या गाडीसाठी त्याने दिलेला हा पहिलाच सल्ला.

काम महिनाभर चाललं. वेंडेल घाई करत नव्हता आणि रेंगाळतही नव्हता. प्रत्येक उंचवट्यावर काळा चिकट लेप बोटाने लावला, पुसून पुन्हा लावला. टॅपेट एकेक करून आपापल्या जागी बसवले. ड्रिल लावून तेलाचा पंप आधीच फिरवला, म्हणजे सुरू होताना काही कोरडं राहू नये. सगळं हाताचं काम होतं आणि ते त्याला येत होतं. पुढचं येत नव्हतं. इंजिन सुरू झाल्यावर ते नीट बोलतंय की नाही, हे त्याला सांगणारा शहरात एकच माणूस होता, आणि त्या माणसाला श्वास पुरत नव्हता. वेंडेल रात्री जेवताना याचाच विचार करायचा आणि लोरेटाला वाटायचं बटाट्यात मीठ कमी आहे.

"रविवारी सुरू करणार," शेवटी तो म्हणाला. "चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर."

"कुणाला सांगू?"

"सांग कुणालाही. मला काय."

"कुणालाही म्हणजे कुणालाही?"

"बहिरा मी आहे की तू?"

लोरेटाला इतकं पुरेसं होतं. पावलिकांच्या भाषेत याहून मोठं आमंत्रण नसतं. तिने भांडी तशीच ठेवून डोलोरेसला फोन लावला. डोलोरेस म्हणाली, "सांगते. येईल असं नाही वाटत. डॉक्टरने धुराजवळ जायचं नाही म्हटलंय. आणि तुला माहितेय, डॉक्टरपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे त्याचा स्वभाव." लोरेटाने हे वेंडेलला सांगितलं नाही. पण शनिवारी तो आइसक्रीमच्या दुकानाकडे गेला नाही, गॅरेजासमोरचा रस्ता झाडत बसला. अख्खा झाडला, थेट टपालपेटीपर्यंत.

रविवारी हवा कोरडी होती. वेंडेल आणि हर्शेलने गाडी ढकलून बाहेर आणली, तोंड रस्त्याकडे. बॉनेट काढलेलं, त्यामुळे सीटवर बसून वेंडेलला इंजिनावरून थेट टपालपेटी दिसत होती. हर्शेल घडीची खुर्ची टाकून त्याच्या हद्दीत बसला, मांडीवर घड्याळ. लोरेटा पाण्याची नळी घेऊन उभी. वेंडेलने टपालपेटीकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा हातातल्या फडक्याने पुसलेलंच स्टिअरिंग पुसलं.

"कुणाची वाट बघतोयस का?" हर्शेल म्हणाला.

"तुझं तोंड बंद व्हायची."

आणखी थोडा वेळ गेला. रस्त्यावर कुणी नव्हतं. वेंडेलने कानांतली यंत्रं काढली, खिशात टाकली आणि किल्ली फिरवली.

इंजिन लगेच सुरू झालं. त्याने रेस वाढवली आणि काटा हवा तिथे आणून धरला. नव्याने रंगवलेल्या पाइपांवरचा लेप जळायला लागला आणि निळा धूर उठला. हर्शेलने कानात बोटं घातली. वेंडेलला आवाज नव्हता, फक्त सीटमधून, पायातून, दातांतून एक धडधड. तेलाचा दाब बरोबर. पाणी बरोबर. लोरेटाने अंगठा वर केला, गळती नाही. सगळं ठीक होतं, आणि वेंडेलला वाईट वाटत होतं. एवढा उपद्व्याप कुणासाठी केला हे त्याला आता स्वतःपासून लपवता येईना. माणूस यायला हवा होता आणि आला नव्हता.

निम्मा वेळ गेला असेल, तेव्हा टपालपेटीपाशी एक पिकअप थांबली. डोलोरेस चालवत होती. पलीकडचं दार उघडलं आणि बराच वेळ कुणी उतरलंच नाही. मग ऑगी उतरला. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली बाटली, नाकाखाली नळी, आणि शर्ट एक माप मोठा. वेंडेलच्या आठवणीत भाऊ जाडजूड होता. आई गेली तेव्हासुद्धा होता. हा माणूस शर्टाच्या आत कुठेतरी होता.

पिकअपच्या मागच्या भागात घोंगडी होती. तिचं एक टोक वाऱ्याने उडालं होतं आणि त्याखाली हिरवा पत्रा दिसत होता.

ऑगी टपालपेटीला धरून उभा राहिला. मान थोडी वाकडी केली, एक कान पुढे. तो ऐकत होता. वेंडेलचा पाय रेसवर आपोआप घट्ट झाला. मग वारा फिरला, निळा धूर लोटत रस्त्याकडे गेला. ऑगी खोकला, तोंडापुढे हात हलवला, धुराकडे पाठ केली आणि पिकअपकडे चालायला लागला.

वेंडेलने काट्याकडे पाहिलं. पायाखाली महिनाभराचं सगळं काम, सगळा कॅम, एक्याऐंशी सालचा सगळा राग धडधडत होता. ओरडून उपयोग नव्हता, त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? पाय काढून धावलं तर इंजिन स्लोवर येणार, ते तर आणखी वाईट. ऑगीचा हात पिकअपच्या कडेला पोचला होता.

वेंडेलने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं की हर्शेल खुर्चीतून उठला. लोरेटाच्या नळीचं पाणी तिच्याच बुटावर पडत होतं. वेंडेल गाडीतून उतरला आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला, तोवर ऑगी वळला होता. त्याचं तोंड हलत होतं. वेंडेलने खिशातून यंत्रं काढली, एक खाली पडलं, ते उचलून, फुंकून कानात बसवलं.

"काय?"

"म्हटलं, बंद का केलीस!" ऑगीचा आवाज बारीक झाला होता, पण त्यातली धार गेली नव्हती. "वीस मिनिटं झाली का? हर्शेल, झाली का?"

"नाही," हर्शेल घड्याळ दाखवत म्हणाला.

"मग बंद का केलीस, गाढवा?"

"तू चालला होतास."

"कुठे?"

"परत."

ऑगीने दोन श्वास घेतले, मग तिसरा, तेव्हा कुठे बोलण्याइतकी हवा जमली. "खुर्ची! खुर्ची काढायला चाललो होतो मी. ही बाटली घेऊन उभं राहवत नाही मला. खुर्ची आणावी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं, नीट ऐकावं, म्हणून... तुझ्या हातात किल्ली दिली हीच चूक. साधं बसून राहायचं काम!"

डोलोरेसने तोंडावर हात ठेवला. लोरेटा उघडउघड रडत होती आणि नळी अजून तिच्या बुटावरच होती. बंद करणाऱ्याने बोलायच्या सगळ्या गोष्टी तीस वर्षांपूर्वी ऑगीने बोलून टाकल्या होत्या, आणि आज वेंडेलच्या गोष्टी ऑगी बोलत होता. शेवटी वेंडेलने एवढंच विचारलं, जे त्या दिवशी विचारलं नव्हतं.

"आवाज कसा होता?"

"चांगला होता," ऑगी म्हणाला. "तू बंद करीपर्यंत चांगला होता. आता तोंड काय बघतोस? गरम आहे तोवर चालू कर. स्लोवर येऊ देऊ नकोस."

खुर्ची हर्शेलने मांडली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. ऑगी बसला, बाटली पायांत ठेवली. वेंडेलने यंत्रं खिशात टाकून किल्ली मारली, आणि या वेळी काट्याकडे पाहिलंच नाही. तो ऑगीच्या हाताकडे बघत होता. हात वर, म्हणजे वाढव. हात सपाट, म्हणजे असंच. मध्येच ऑगीने डोळे मिटले आणि हात हवेत तसाच राहिला, तेव्हा वेंडेलचा जीव टांगणीला लागला. पण तो फक्त ऐकत होता. हर्शेलने घड्याळ उंच धरलं. ऑगीने आणखी थोडं चालू दिलं, उगीच, मग तळहात गळ्यावरून फिरवला. वेंडेलने लगेच बंद केलं.

"एक टॅपेट वाजतंय," ऑगी म्हणाला. "किंचित. डावीकडचं, मागून दुसरं."

वेंडेलने कानात यंत्र बसवल्यावर ऑगीला ते पुन्हा सांगावं लागलं. "मी मध्येच बंद केली म्हणून?"

ऑगीने खांदे उडवले. "कुणाला माहीत. असेल, नसेल."

"हं," वेंडेल म्हणाला. "कुणाला माहीत."

एवढ्या वर्षांचा खटला असा निकालात निघाला आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोलोरेसने घोंगडी काढली. बॉनेट वेंडेल आणि हर्शेलने उचललं, कारण ऑगीला उचलवणार नव्हतं, पण बोल्ट कुठे आधी आणि कुठे मागून लावायचे हे त्याने खुर्चीतूनच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी चुकीचं लावताय असंही सांगितलं. बॉनेट जागेवर बसलं. मग सगळे दोन पावलं मागे सरून बघायला लागले.

हिरवं हिरव्याला जुळत नव्हतं. गाडी ऊन, पाऊस आणि रस्त्यावरचं मीठ खाऊन फिकट झाली होती. बॉनेट घोंगडीत पडून होतं, तसंच गडद राहिलं होतं.

"हे तर काळ्यापेक्षा वाईट दिसतंय," हर्शेल म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही.

"रंग मारू," वेंडेल म्हणाला. तोंडात बसलेलं वाक्य, आपोआप पुढे सरकलं. "पुढच्या उन्हाळ्यात."

ऑगी खुर्चीतून उठत होता. एक हात बाटलीवर, एक हात गाडीच्या मडगार्डवर. तो तसाच थांबला.

"पुढच्या नको," तो म्हणाला. "याच उन्हाळ्यात मार."

वेंडेलने मान हलवली. मग गॅरेजात गेला, फळीवरून जुना रंग घासायच्या पॉलिश पेपरची गुंडाळी काढली आणि येताना दुसरी खुर्ची घेऊन आला.